पाळणा आणि पाळणाघर

सकाळी दाराशी चपला घालता घालता तिने अखेर विचारूनच टाकलं, "ताई, राग मानू नका, पण दुपारी बाळाच्या खोलीतल्या कॅमेऱ्यावर काही टाकता का तुम्ही?"

नणंद मांडीवर बाळाला घेऊन भरवत होती. चमचा हवेतच थांबला.

"काय टाकू? हिची लंगोटी?"

"तसं नाही हो. पण मी घरी असले की नीट दिसतं, आणि ऑफिसात गेले की पडदा काळा. रोजचंच झालंय."

"म्हणजे तुझी पाठ वळली की मी काहीतरी करते." नणंदेचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि तेच वाईट होतं. "ऐक. मी भाचीला सांभाळायला आले, स्वतःवर पहारा बसवून घ्यायला नाही. आज तुझा तो डोळा मिटला ना, तर संध्याकाळी बॅग भरून मी चालले. मग ठेव पोरीला पाळणाघरात आणि बस फोनमध्ये डोळे घालून."

पाळणाघर तिने एकदा करून पाहिलं होतं. तिथे पहिल्याच आठवड्यात बाळ तापाने फणफणलं होतं. म्हणून तर ताईंना गळ घालून आणलं होतं. ताई गेल्या तर नोकरी तरी सोडायची, नाहीतर बाळ पुन्हा त्या गर्दीत. हे सगळं कळत होतं, पण मनात एकदा पाल चुकचुकली की ती गप्प बसते थोडीच?

कॅमेऱ्याचं अ‍ॅप तिने स्वतःच लिहिलं होतं. खोलीतला कॅमेरा चित्र पाठवणार, क्लाउडवरचं अ‍ॅप ते झेलणार आणि तिच्या फोनवर दाखवणार. प्रोजेक्टचं नाव तिने हौसेने ठेवलं होतं, 'पाळणा'. नवरा हसला होता. "बाळाला पाळण्यात घालायच्या आधी तू पाळण्यालाच क्लाउडवर घातलंस!"

ऑफिसात पोचल्यावर तिने लॅपटॉप उघडला आणि शेजारी फोन टेकवून ठेवला. चित्र स्वच्छ होतं. बाळ चटईवर पालथं पडून बाहुलीचा कान चावत होतं. ताई कडेला कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी एकदाही कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही. मुद्दामच, तिच्या मनात आलं. खाई त्याला खवखवे.

कंपनी लहानशी, दवाखान्यांसाठी नंबर लावायचं अ‍ॅप बनवणारी. नवी सुधारणा झाली की ती आधी चाचणीच्या प्रोजेक्टवर चढवायची आणि चार दिवस तिथेच रांगू द्यायची. म्हणून त्या प्रोजेक्टचं नाव ऑफिसात कुणीतरी 'पाळणाघर' पाडलं होतं, आणि तेच रूढ झालं होतं.

दुपारी तिने तारखेच्या खान्यातली चूक दुरुस्त केली, लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत एसडीकेला, म्हणजे अ‍ॅप क्लाउडवर नेऊन ठेवणाऱ्या साधनाला, 'डिप्लॉय', चढव, अशी कमांड दिली आणि फोनकडे पाहिलं. ताई बाळाला उचलत होत्या.

आणि पडदा काळा झाला.

तिने फोन लावला. "ताई, गेलं."

"गेलं का?" पलीकडे बाळ रडत होतं. "बरं झालं. मी बॅग काढते." फोन कट.

बाळ का रडत होतं? उचललं म्हणून, की आणखी काही? ती पर्स उचलून निघाली, तोच भिंग आडवा आला. चाचणी करणारा हा सहकारी प्रत्येक अ‍ॅपकडे भिंगातून बघावं तसं बघायचा, म्हणून त्याला हे नाव.

"अहो, कुठे निघालात? तारखेची चूक आहे तशीच आहे."

"आत्ता चढवलंय मी."

"रोज हेच म्हणता. पाळणाघरात काही येत नाही. तुम्ही चढवता की नुसतं तसं म्हणता?"

"म्हणजे मी खोटं बोलते?"

बोलताना तिला आपलाच आवाज सकाळच्या ताईंसारखा वाटला. रागाने तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "हे बघा. काय लिहिलंय?"

भिंगाने वाकून वाचलं. "डिप्लॉय झालं. प्रोजेक्ट, पाळणा."

"पाळणाघर."

"घर कुठे दिसतंय तुम्हाला? पाळणा एवढंच आहे."

तिने ते नाव एकेक अक्षर लावून पुन्हा वाचलं. संध्याकाळी घरी गेली की याच लॅपटॉपवर ती एसडीकेला सांगायची, आता 'पाळणा'वर काम करायचं आहे. कॅमेऱ्याच्या अ‍ॅपची डागडुजी करून ते पुन्हा चढवायची, लगेच चित्र यायचं, आणि तिला वाटायचं, मी आले म्हणून आलं. सकाळी मात्र प्रोजेक्ट परत बदलायचा राहून जायचा. एसडीके बिचारं सांगितलेलं विसरत नव्हतं. ती दवाखान्याचं अ‍ॅप नेऊन मुलीच्या खोलीवर घालत होती, आणि कॅमेऱ्याचं चित्र झेलायला तिथे कुणी उरत नव्हतं. नाव वाचताना पुढचं 'घर' डोळे आपल्या पदरचं जोडत होते.

"काखेत कळसा," भिंग म्हणाला.

"गप्प बसा हो."

तिने 'पाळणा'वरचं जुनं व्हर्जन पुन्हा चालू केलं. फोनवर खोली उजळली. ताई कॅमेऱ्यासमोर खुर्ची ओढून ताठ बसल्या होत्या. मांडीवर बाळ, पायाशी भरलेली बॅग. पडदा काळा असतानाही त्या आपली साक्ष देत होत्या.

तिने पुन्हा फोन लावला. "ताई, चूक माझी होती. मीच इथून बंद पाडत होते. रोज."

चित्रातल्या ताईंनी मान वर करून थेट कॅमेऱ्यात पाहिलं. मग, "आता दिसतंय?"

"दिसतंय."

"काय दिसतंय?"

"तुम्ही. आणि बॅग."

"मग आता एक कर. तो डोळा कायमचा मीट. नाहीतर मी ही बॅग उचलते. दोन्हींपैकी काय ते तू ठरव."

तिने फोनवरच्या चित्राकडे पाहिलं. बाळाने ताईंचा पदर तोंडात घातला होता. झोपलं तर कळणार नाही, पडलं तर कळणार नाही. तरी तिने प्रोजेक्ट काढून टाकायची कमांड लिहिली. एसडीकेने विचारलं, नक्की? बटणावर बोट ठेवून ती थांबली. आता तिला संशय होता तो फक्त आपल्याच डोळ्यांचा.

"नाव जरा मोठ्याने वाचा," ती भिंगाला म्हणाली.

"पाळणा."

"पुढे?"

"पुढे काही नाही. घर शाबूत आहे तुमचं."

तिने बटण दाबलं.