डावीकडचं वळण

बाबांचा कराटेचा वर्ग टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरतो, आणि तो चालू ठेवता ठेवता माझ्या नाकी नऊ आलेत. शिकवतात बाबा. फी मागणं, हॉलच्या मालकाला गोड बोलून थोपवणं, घामट मॅट आणि समोरच्या भिंतीवरचा आरसा पुसणं, ही बाकीची हमाली माझी. मला स्वतःला कराटेतलं ओ की ठो कळत नाही. लहानपणी बाबांनी मला उभं करून पाहिलं होतं, पण उलट उत्तर देणाऱ्या मुलीला तिथं जागा नव्हती.

नियमच तसा आहे. सर पुढे उभे राहून करतील तेच मागच्यांनी करायचं. मध्ये बोलायचं नाही, विचारायचं नाही, आणि सरांचं चुकलं असं तर स्वप्नातही म्हणायचं नाही. हल्लीच्या पालकांना हे कुठून पटणार? कोपऱ्यावर नवी जिम निघालीय. तिथं एसी आहे, गाणी लावतात, आणि पोरगं नुसतं हजर राहिलं तरी गळ्यात मेडल पडतं. आमची अर्धी मुलं तिकडे गेली. उरलेल्यांच्या पालकांनी मला तोंडावर सांगितलं, या परीक्षेत वरचा बेल्ट मिळाला तर ठेवू, नाहीतर काढून घेऊ. ती मुलं गेली की हॉल सोडण्यावाचून इलाज नव्हता. मालक जुने टायर ठेवायला टपलेलाच होता.

हॉलचं मला काही नव्हतं, काळजी बाबांची होती. आई गेल्यापासून त्यांचा जीव त्या वर्गातच अडकलाय. सकाळी उठल्यापासून संध्याकाळची वाट बघतात. घरात चष्मा सापडत नाही, भाजीची पिशवी दुकानातच राहते, मी ताटावरून उठते तोच विचारतात, "जेवलीस का?" पण मॅटवर पाय ठेवला की पाठ ताठ. तो वर्ग गेला तर त्यांच्यात काय उरेल, हा विचारसुद्धा मला नको वाटायचा.

परीक्षेची तयारी बाबांच्या जुन्या विद्यार्थिनीने, बुटकीने करून घेतली. ती आली तेव्हा जेमतेम टेबलाएवढी होती म्हणून बुटकी. आता बाबांपेक्षा उंच झाली तरी नाव तेच. दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायचं आणि संध्याकाळी आमच्याकडे बाबांच्या मागे, मुलांच्या पुढे उभं राहून फुकट शिकवायचं, असा तिचा दिनक्रम. एकदा मी पैशांचं काढलं तर म्हणाली, "ताई, सरांनी माझ्याकडून कधी फी घेतली का?"

परीक्षा घ्यायला काका आले. ते आणि बाबा एकाच गुरूंकडे शिकलेले. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्या शेजारी बसले, पालक भिंतीला टेकून. मुलांनी काता सुरू केला. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायचे पवित्रे. सगळी एकदम वळत होती, एकदम हात फेकत होती. मला कधी नव्हे तो अभिमान वाटला. म्हटलं, तरलो.

काकांनी मुलांना थांबवलं आणि पुन्हा करायला लावलं. मग पेन खाली ठेवलं.

"इथं डावीकडे वळायचं असतं. तुम्ही सगळे उजवीकडे वळता आणि पुढचा अख्खा तुकडा गाळता. एकाचं चुकलं असतं तर समजलो असतो. हे शिकवलं कोणी?"

एका पोरीची नजर बाबांकडे गेली, तेवढ्यात बुटकी पुढे आली.

"मी शिकवलं. चूक माझी आहे."

बाबा उठले. "गुरूंनी मला दिला तसाच्या तसा काता मी तुला दिला. तो बदलणारी तू कोण? उद्यापासून इथं पाऊल टाकायचं नाही."

ती कमरेत वाकली, नमस्कार केला आणि निघाली. मी तिला जिन्यात गाठलं.

"तू आणि चुकीचं शिकवशील? मला वेड्यात काढू नकोस."

ती चपलांकडे बघत बोलली. "सर एकदा त्या वळणावर अडले, ताई. बराच वेळ तसेच उभे होते. मग उजवीकडे वळले. मी बरोबर वळले असते तर सगळ्यांना कळलं असतं. म्हणून मीही उजवीकडे वळले, मुलं माझ्यामागून वळली. त्या दिवसापासून सर रोज तसंच करतात. आणि सर पुढे उभे असताना मुलं माझं कशाला ऐकतील?"

"मला सांगायचं होतंस."

"तुम्ही वर्ग बंद केला असता."

केलाच असता. तिला थोबाडीत द्यावी की पोटाशी धरावं, मला कळेना. मी पायरीवर बसून रडले, आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

कोणीच पास झालं नाही. पालक माझी नजर चुकवून जिना उतरले. जाताना काका एवढंच म्हणाले, "त्याला डॉक्टरकडे ने."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा बेल्ट बांधून हॉलमध्ये उभे होते. मुलांपैकी कोणी फिरकलं नाही. खालून टायर उतरवल्याचे आवाज येत होते. बाबा सारखे दाराकडे बघत होते.

"बुटकी कशी आली नाही अजून? फोन लाव तिला."

"बाबा, आज तुम्हीच सुरू करा. मी उभी राहते मागे."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग माझ्याजवळ येऊन, दुसरं कोणी ऐकेल अशा धास्तीने, हळू आवाजात म्हणाले, "हल्ली मला मधलं आठवत नाही गं. मी समोरच्या आरशात तिला बघतो आणि ती करते तसं करतो. ती कधी चुकत नाही."