मष्णूआप्पांची खूण

जांबोटीच्या वाचनालयाचं छप्पर एकही जुना साग न पाडता उभं करायचं, हा हट्ट माझा, आराखडा करणारीचा. लागवडीच्या झाडांच्या पातळ फळ्या एकमेकींना चिकटवून, दाबून केलेली तीस फुटी तुळई मी मागवली. त्यापायी बेळगावात साहेबांना कन्नडमध्ये समजावलं, देणगीदारांना इंग्रजीत, तोंडाला फेस येईपर्यंत. एवढी बडबडी मी, पण ती तुळई चढवणाऱ्या मष्णूआप्पांना मराठीत चार वाक्यं सांगावीशी वाटली नाहीत. म्हातारा सुतार, त्याला काय कळणार त्यातलं?

आप्पांनी तुळई अशी नेमकी बसवली की मी टाळ्याच वाजवल्या. मग मी खुशाल जेवायला गेले.

परत आले तर आप्पा शिडीवर, हातात पटाशी. त्यांच्या घराण्याचा रिवाज असा, की तुळई चढली की तिच्या मधोमध, खालच्या अंगाला दोन पेरं खोल खाच करायची आणि तिच्यात हळदकुंकू भरायचं. अख्ख्या सागाच्या जाड तुळईला तेवढ्यानं काही होत नाही. या चिकटवलेल्या तुळईत मात्र सर्वांत जास्त ताण खालच्या पातळ फळीवर येतो, आणि आप्पांनी नेमकी तीच कापली होती.

"काय केलंसा हे आप्पा!" मी सगळ्यांदेखत ओरडले. "कुणाला इचारलं तरी व्हय?"

आप्पा सावकाश खाली उतरले. "पन्नास वर्सं करतोय, तेजू. हे इचारायचं असतंय, ठावं न्हवतं."

तुळई उतरवावी लागली. नवी यायला चार महिने गेले. ती आली तशी मी आप्पांच्या घरी गेले आणि अंगणात बसून सगळं सांगितलं. त्यांनी एक ओली काटकी घेतली, वाकवली, खालच्या बाजूला नख लावलं.

"म्हंजे ताणाची वड हितं बसतीया. मग खाच टोकाला, वरल्या अंगाला घ्यायची. भिंतीवर टेकतंय तितं."

सांगायला दहा मिनिटंही लागली नव्हती. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"चला की आप्पा. तुमीच चढवा."

"न्हाय गं. अख्ख्या गावासमोर लाकूड नासवलं मी. हत्यारं देऊन टाकली भाच्याला." मग त्यांनी विचारलं, "हे तवाच का न्हाय सांगितलंस?"

"वाटलं, तुमास्नी कळायचं न्हाय."

आप्पांनी मान हलवली, काटकी बाजूला ठेवली आणि ते घरात गेले.