वादीची गाठ

"हवा भरून झाली का रे आण्णाप्पा? लोक जमायला लागले!" कप्तान शरद जिमखान्याच्या दारातून ओरडला.

"झाली साहेब. वादी ओवतोय."

आण्णाप्पाने चेंडू मांडीत धरला. ब्लॅडरची नळी दुमडून बांधली, फटीतून आत सारली आणि बुटाची नाडी ओवावी तशी कातड्याची वादी भोकांतून ओवायला घेतली. त्या काळी फुटबॉलचं तोंड असंच बांधत. ओवून झाल्यावर गाठ आरीने आत दडपायची, इतकी की वरून हात फिरवला तरी लागता कामा नये. ती वर राहिली आणि तिच्यावर कुणी डोकं मारलं तर कपाळ फुटलंच म्हणून समजा. बारा वर्षं तो कॉलेजच्या जिमखान्यात शिपाई होता, पण त्याच्या हातून गाठ कधी वर राहिली नव्हती.

आज शेवटचा सामना होता, धारवाडच्या संघाशी. कॉलेज पहिल्यांदाच स्पर्धेच्या ढालीच्या इतक्या जवळ आलं होतं, आणि तेही एकट्या रवळूमुळे. चार सामन्यांत अकरा गोल, त्यातले आठ त्याचे. बेळगावात चहाच्या दुकानात बसावं तर रवळू, न्हाव्याकडे जावं तर रवळू. "काय तो डावा पाय!" असं लोक म्हणत आणि आण्णाप्पा कात्री-दोरा शोधत असल्यासारखं करी.

रवळू त्याचा सख्खा धाकटा भाऊ. आणि तो डावा पाय आण्णाप्पाचाच होता. गावी, सांबऱ्याच्या खळ्यावर, चिंध्यांचा चेंडू करून त्यानेच रवळूचा तो पाय घडवला होता. पायाला पट्ट्या गुंडाळून अनवाणी खेळायचे दिवस होते ते. खासबागेतल्या पोरांच्या संघात आण्णाप्पा खेळायला लागला की कॅम्पातले गोरे सोल्जरसुद्धा कुंपणाशी उभे राहत. मग त्यांच्यातल्याच एकाचा बूट नडगीवर बसला. हाड वाकडं जुळलं. खेळ सुटला आणि जिमखान्याच्या किल्ल्या हातात आल्या.

रवळू कृतघ्न असता तर किती बरं झालं असतं! चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. पण तो प्राध्यापकांसमोरही छाती काढून सांगायचा, "माजा गुरू म्हंजे माजा अण्णा." हे ऐकलं की आण्णाप्पाच्या पोटात आग पडे. त्याला गुरू व्हायचं नव्हतं. त्याला रवळू व्हायचं होतं.

तरी इतके दिवस त्याने ते आतल्या आत गिळलं होतं. आज सकाळी मात्र सांबऱ्याहून तीन बैलगाड्या आल्या. पुढच्या गाडीत आई, जयाबाई, डोकीवर नव्या लुगड्याचा पदर घेऊन बसली होती. रवळूला ओवाळायला तिने घरून आरतीचं ताट आणलं होतं. आण्णाप्पा बैल सोडायला पुढे झाला तेव्हा शेजारचा भरमा म्हणाला, "आण्णाप्पा, तूबी खेळत हुतास म्हनं कवातरी?"

आण्णाप्पा काही बोलायच्या आत जयाबाईच हसली.

"ह्यो कुटला खेळतोय! ह्यो नुस्ता धुळीत नाचायचा. पाय मोडून घेतला आन् बसला. खेळावं तर माज्या रवळूनं!"

गाडीतले सगळे हसले. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, लाडक्या लेकाच्या दिवशी कुठलीही आई असंच बोलली असती. आण्णाप्पाही हसला. बैलांना पाणी पाजलं आणि जिमखान्यात येऊन बसला.

आता शेवटच्या भोकातून वादी निघाली होती. त्याने गाठ मारली. आरी हातात घेतली. मग तशीच खिशात ठेवली.

गाठ वरच राहिली, बोराएवढी. संघात अकरा जण आहेत, कुणाला लागेल कुणी सांगावं, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. पण उंच चेंडूवर झेप घेणारा संघात एकच होता, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

मैदानावर पंचाने चेंडू दोन्ही तळव्यांत दाबून हवा तेवढी पाहिली आणि परत दिला. शरदने तो रवळूपुढे केला. "बघून घे रे एकदा."

रवळू बुटांचे बंद आवळत होता. त्याने मान वर केली नाही.

"अण्णानं बांधलाय न्हवं? मग बगायचं काय त्यात?"

आण्णाप्पा पाण्याची बादली घेऊन रेषेबाहेर बसला. त्या क्षणी त्याला उठावंसं वाटलं. साहेब, जरा चेंडू द्या, एवढंच तर म्हणायचं होतं. तो उठला नाही. समोर जयाबाई आणि सगळं सांबरं "रवळू, रवळू" म्हणून ओरडत होतं.

धारवाडकरांनी रवळूच्या डाव्या पायाला दोन माणसं बांधली होती. मध्यंतरापर्यंत गोल नाही. नंतरही नाही. शेवटच्या पाच मिनिटांत उजवीकडून चेंडू उंच आला, गरगर फिरत. रवळू दोघांच्या वर उडाला. कपाळ चेंडूवर बसल्याचा आवाज रेषेपर्यंत आला. चेंडू जाळ्यात गेला आणि रवळू तोंडघशी पडला.

वाकड्या पायाने आण्णाप्पा कसा धावला, त्याचं त्यालाच माहीत. रवळूच्या भुवईवरून रक्ताची धार लागली होती.

"अण्णा, गेला का आत?"

"गेला रं. गेला. बोलू नगंस."

"त्या धारवाडवाल्याचं कोपर लागलं बघ," शरद म्हणाला, आणि सगळ्यांनी तेच धरलं. आण्णाप्पाने फडकं ओलं करून रक्त पुसलं. जखमेच्या मधोमध गाठीचा वळ स्वच्छ उमटला होता. त्याने घाईने त्यावर पट्टी आवळली.

"दुकतंय?"

"तू हाइस की," रवळू म्हणाला.

कॉलेजने ढाल जिंकली. दुसऱ्या दिवशी फोटो काढायचा ठरला. कपाळाला पट्टी बांधलेल्या रवळूने हट्टच धरला, "अण्णा बसल्याबिगर मी बसनार न्हाय. चेंडू त्येच्याच हातात द्या." आण्णाप्पाला कडेच्या खुर्चीवर बसवलं. त्याने चेंडू पोटाशी धरला आणि वादीवर दोन्ही तळवे ठेवले.

"हात काढा, चेंडू दिसू द्या," फोटोवाला म्हणाला. आण्णाप्पाने हात काढले नाहीत. तो फोटो पुढे कितीतरी वर्षं कॉलेजच्या सभागृहात होता. चेंडू किती मायेने धरलाय बघा, असं पाहुणे म्हणत.

त्या दिवसानंतर आण्णाप्पाच्या पोटातली आग विझली. रवळूचं कौतुक तो आपणहून सांगू लागला. जखमही भरली, भुवईवर तेवढा एक बारका वण उरला.

पुढच्या हंगामाच्या पहिल्या सरावाला आण्णाप्पाने नवा चेंडू बांधला. वादी ओवली, गाठ आरीने खोल दडपली, स्वतःच तीनदा हात फिरवून पाहिला. जिमखान्याच्या दारात रवळू उभा होता.

"दे अण्णा," तो नेहमीसारखा हसून म्हणाला.

आण्णाप्पाने चेंडू दिला. रवळूने तो हातात फिरवला, वादी वर आणली आणि तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूच अंगठा फिरवला.

"झ्याक बांधलाय," तो म्हणाला, आणि चेंडू काखेत मारून मैदानाकडे चालू लागला.