न्हाव्याचं डोकं

दिवसभर उभं राहून माझ्या पायांचे खांब होतात. अशाच एका संध्याकाळी गुरुद्वारात शिरलो, तो भक्तीबिक्तीने नव्हे, बसायला मिळेल म्हणून. लंगरच्या पंगतीत कुणीतरी पुढ्यात ताट ठेवलं. कोण, कुठला, काही विचारलं नाही. मला एकदम भरून आलं. मग जातच राहिलो, भांडी घासू लागलो.

एकदा तिथे ग्रंथसाहिबाचा पाठ करणाऱ्या ग्रंथीजींना विचारलं, "मला शीख होता येईल?"

"का नाही? काम काय करता?"

"न्हावी आहे."

ते हसले नाहीत. "घाई नको. आधी केस राखून बघा."

राखले. बायको म्हणाली, "न्हाव्याच्याच डोक्यावर जंगल! गिऱ्हाइकं पळतील." पळू देत म्हटलं. माझी खरी अडचण बाबांची होती. न्हाव्याला स्वतःचे केस कापता येत नाहीत. माझे जन्मभर बाबांनीच कापले. हात थरथरू लागल्यापासून त्यांच्याकडे गिऱ्हाईक म्हणून उरलं ते एवढंच डोकं. तेही आता मी टोपीखाली लपवलं होतं.

त्या दिवशी दुकान बंद करताना ते आले. खुर्ची झटकली. "बस."

"आज नको, बाबा. दमलोय."

"दर वेळी दमतोस." ते आरशात बघत म्हणाले, "दुसऱ्याकडे जातोस ना? सांग की सरळ. माझे हात चालत नाहीत, मलाही कळतं."

मी टोपी काढली. केस कानांवर आले. सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे दुकानाला टाळं?"

"बहुतेक."

"बरा धर्म शोधलास. थेट पोटावर पाय!"

वाद घालायचं त्राणच नव्हतं. मी खुर्चीत बसलो. मागे कापड झटकल्याचा आवाज आला. सवयीनं त्यांनी ते माझ्या गळ्याभोवती बांधलं. खण उघडला. मी डोळे मिटले. त्यांनी कात्री लावली असती तर मी उठलो नसतो, हे मला तेव्हाच कळलं, आणि स्वतःचीच कीव आली.

केसांत कंगवा अडकला. त्यांनी तो सोडवला, पुन्हा घातला. हात थरथरतच होता.

"केवढा गुंता केलायस," बाबा म्हणाले. "राखायचे तर नीट राख. दर आठवड्याला येऊन बसत जा. मान सरळ."