खंडेनवमीनंतर अडलेलं मशीन

“लाल अक्षरं आली तर घाबरायचं नाही, ताई. वाचायची.” धुळ्याला बदली होऊन जाताना नवलसर मला एवढंच सांगून गेले होते. आज सकाळपासून मी वाचणं सोडून बाकी सगळं केलं.

अमळनेरच्या मुलींच्या शाळेत मी कारकून. कार्यालयातला संगणक लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर चालतो, नवलसरांनीच बसवलेला. दसऱ्यानंतर आज शाळा उघडली. नेहमीप्रमाणे उदबत्ती लावली, नाम घेतलं, बटण दाबलं. पडद्यावर ओळी धावल्या आणि थांबल्या. दीड मिनिट तसंच. मग ‘इमर्जन्सी मोड’, पुढे नुसती लुकलुकणारी रेघ.

आणि तिकडे जळगावला नर्सिंग कॉलेजात आमच्याच शाळेतून बारावी झालेली कशिश कागद तपासायच्या रांगेत. तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मसाल मीच चुकीचं टाकलेलं. दुरुस्त केलेला मूळ दाखला पाचपर्यंत पोचला नाही तर तिची जागा दुसरीला. “तू रांग सोडू नको, मी स्वतः आणून देते,” असं तिला सांगून बसले होते.

सहा वेळा बंद-चालू केलं. वायरी काढून पुसून लावल्या. नवलसरांचा फोन लागेना. मुख्याध्यापक भूपेंद्रसर दारात येऊन म्हणाले, “फुकटातलं ते फुकटातलंच. बाजारातून माणूस बोलवू? फॉरमॅट मारून देईल.”

“सर, आत सगळ्या पोरींच्या नोंदी आहेत.”

“मग हातानं लिहा.”

“हातानं लिहिलेला दाखला कॉलेजवाले घेत नाहीत.”

शिपाई इंदिराबाई पाणी घेऊन आल्या. “ताई, हाई मशीन रुसेल शे. तुमी बी सकायपासून उपाशी, ते बी उपाशी.”

एकादशी होती. पण हसू आलं नाही. माझा आवाज चढत नाही. त्या वेळी मात्र माऊस आपटला आणि स्वतःचीच लाज वाटली.

दोन वाजता कशिशचा फोन. “बाई, माझ्यापुढे नऊ जणी आहेत.”

फोन ठेवला, चष्मा पुसला आणि पहिल्यांदाच लाल ओळी बोट ठेवून वाचल्या. मशीन एका डिस्कची वाट पाहत होतं. दीड मिनिट वाट पाहून ती न मिळाल्यामुळे पुढे जायला तयार नव्हतं. रोजच्या नोंदींची प्रत ठेवायची ती लहान डिस्क. आणि ती उपटली होती मीच. खंडेनवमीला पाटावर शिक्का, घंटा, पंचिंग मशीन मांडलं. एवढा मोठा संगणक मांडता येईना, म्हणून त्याच्या वतीनं डिस्क ठेवली, हळदकुंकू वाहिलं. पूजेतली वस्तू दुसऱ्या दिवशी उठवायची, तर दुसऱ्या दिवशी सुट्टी; डिस्क परत लावायची राहूनच गेली.

“इंदिराबाई, ती काळी डबी?”

“कपाटमा ठेयेल शे ना. तुमीच सांगं व्हतं, हात लावानं नई.”

कुंकू पुसलं, डिस्क लावली, बटण दाबलं. ओळी धावल्या आणि या वेळी थांबल्या नाहीत.

जन्मसाल तीनदा मोठ्यानं वाचून दाखला छापला. सरांनी सही केली, म्हणाले, “फोटो पाठवून द्या की मोबाईलवर. उपासाच्या कुठे निघालात?”

“मूळ कागद लागतो, सर.”

पावणेतीन झाले होते. दाखला पुठ्ठ्याच्या फाइलीत घातला, पदर खोचला आणि एसटी स्टँडची वाट धरली.