गसचा कामावरचा फोटो

"एल्रॉय, अजून मागे सरक!" गाडीच्या खिडकीतून लोर्ना ओरडली.

"मागे सरकलो तर फोटोत काडेपेटीएवढं दिसेल ते धूड!"

एल्रॉय गावातला न्हावी. त्याच्या बायकोचा, लोर्नाचा, भाऊ गस रेल्वेत बर्फाचा नांगर चालवायचा. इंजिनापुढे जोडलेल्या त्या लोखंडी धुडात बसून रूळ मोकळे करण्यात त्याचा जन्म गेला होता. नॉर्थ डकोटाचा हिवाळा त्याला श्वास घेऊ देत नसे. आज त्याची शेवटची फेरी होती, आणि कामावरचा त्याचा एकही फोटो घरात नव्हता. तो काढायचा विडा एल्रॉयने उचलला होता. आधी दोनदा प्रयत्न झाले होते. एकदा त्याचा स्वतःचा अंगठा आला, एकदा शेजाऱ्यांची गाय.

"गाय झकास आलीय," दाढीला बसला की गस म्हणायचा. "मी तिच्या पोटामागे असेन."

म्हणून आज एल्रॉय रुळांना जवळजवळ खेटूनच उभा होता.

लांबून भोंगा वाजला. माळावरून पांढरा लोट धावत आला. त्यातून नांगराचं काळं नाक दिसलं. एल्रॉयने हातमोजा दातांनी ओढून काढला, श्वास रोखला आणि बटण दाबलं. पुढच्या क्षणी तो जिथे उभा होता तिथे नुसता बर्फाचा ढीग उरला.

लोर्ना फावडं घेऊन धावली.

"एल्रॉय! अरे, आहेस ना रे?"

"निघाला!" ढिगातून आवाज आला. "फोटो निघाला!"

रविवारी गस जेवायला आला, तेव्हा एल्रॉयने मान खाली घालून फोटो पुढे केला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळं पांढरं. लोर्नाला हसू आवरेना.

"या वेळी गायसुद्धा नाही," ती म्हणाली.

गसने चष्मा लावला. आता टोमणा येणार म्हणून एल्रॉय कान पाडून बसला. पण गसने फोटो उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

"आतून असंच दिसायचं," शेवटी तो म्हणाला.

"काय?"

"काचेतून. कायम असंच. पुढचं काही दिसायचं नाही. रुळांवर रस्ता आडवा आला की पातं त्याला अडू नये म्हणून अंदाजानेच दांडा वर ओढून ते उचलायचं."

त्याने फोटो कॉफीच्या किटलीला टेकवून उभा केला. लोर्नाने बटाटे पुढे सरकवले, पण त्याचं लक्ष नव्हतं. टेबलाच्या कडेशी त्याची मूठ आवळली आणि अगदी सावकाश वर आली.