पैठणीची भिंत

एकाहत्तर साली राहात्याच्या एका नव्या विश्रामगृहाची दर्शनी भिंत चिनीमातीच्या फरशांनी सजवायचं काम फरशा घडवणाऱ्या मच्छिंद्रला मिळालं. त्याच्या डोळ्यांपुढे आली ती आईची पैठणी. ती थोरल्या बहिणीकडे, गोजरबाईकडे होती. वैशाखात लेकीला, राहीला, तीच नेसवून बोहल्यावर चढवायची, हे तिनं केव्हाच ठरवलं होतं.

"नक्षी उतरवून घेतो अन् लगेच आणून देतो," तो म्हणाला.

"ने की. पन पानी लागू देऊ नको, मच्छू. आईच्या अंगावरची हाय ती."

नागापूरच्या भट्टीवर त्यानं मोर, वेली कागदावर काढून पाहिल्या. फरशीवर त्या मेल्यासारख्या दिसत. मग एका दुपारी त्यानं पदराचं टोक ओल्या मातीवर अंथरलं आणि वरून लाटणं फिरवलं. कापड उचललं, तर विणीचा धागा न् धागा मातीत उमटलेला! तो हरखून गेला. तिसऱ्या फरशीला मात्र जुनं रेशीम ओलीनं विरलं आणि टरकन फाटलं. तिथंच थांबायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. पण आता फाटलंच आहे, असं म्हणत त्यानं काठही अंथरला. शेवटी पैठणीच्या चिंध्या उरल्या.

गोजरबाई निरोपावर निरोप धाडत राहिली. एक दिवस ती स्वतःच आली, तेव्हा त्यानं तिला भिंतीपुढे नेलं. हिरव्या झिलईत मोर चमकत होते. ती बोटांनी चाचपत एका फरशीपाशी थांबली.

"हे आईनं केलेलं रफू हाय." मग वळून म्हणाली, "लुगडं कुठंय?"

त्यानं पिशवी पुढे केली. तिनं आत पाहिलं.

"आक्का, ही भिंत पिढ्यान् पिढ्या राहील."

"राहील की. पन पोरीला मी काय भिंत नेसवू?"

नवी घेऊन देतो, असं तो म्हणत होता. पिशवी छातीशी धरून ती एस.टी. स्टँडकडे चालूही लागली होती.

लग्नाला तो गेला. मंगलाष्टकांच्या वेळी मामा म्हणून नवरीमागे उभं राहायला पुढे सरला, तर तिथं चुलतभाऊ बन्सी आधीच उभा. पंगतीत गोजरबाईच वाढायला आली.

"पोटभर जेवा तुमी," बुंदी घालत ती म्हणाली. "लांबून आलाय."

आजवर तिनं त्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. पानावरून उठणं बरं दिसलं नसतं, म्हणून मच्छिंद्र खाली मान घालून जेवत राहिला.